दोन घरं उतरवलेली गिटार

त्या दिवशी आमच्या गल्लीची पाण्याची पाळी होती. लातुरात पाण्याची पाळी म्हणजे काय, ते लातूरकराला सांगायला नको. आठ-दहा दिवसांतून एकदा नळ येतो आणि त्या दिवशी घरातला माणूस बाहेरगावी जात नाही. दुपारचे साडेअकरा झाले असतील. मी मोरीपाशी घागरी मांडून बसलो होतो. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. आधी फुसफुस, मग बारीक शिट्टी, मग त्या शिट्टीचा एक लांब सूर लागतो... आणि तो सूर लागला तशी माझ्या मागं भिंतीवर टांगलेली गिटार बोलली. कुणी हात लावला नव्हता. शांता, माझी बायको, आत भाकरी करत होती. घरात तिसरं माणूस नव्हतं. गिटारीची एक जाड तार आपली आपण 'हूं...' असा हुंकार देत होती, दम धरून, झोपेतल्या माणसानं हाकेला द्यावा तसा. मी घागर सोडून उठलो. ही गिटार नळाला असं उत्तर द्यायची, पण ते पस्तीस-छत्तीस वर्षांमागं. मधल्या काळात शेकडो वेळा नळ आला, शिट्टी झाली, ती कधी बोलली नव्हती. मी तारेवर बोट ठेवलं. तार बोटाखाली थरथरत होती. तेवढ्यात फोन वाजला. बशीरची लेक मेहरून बोलत होती. "चाचा," एवढंच म्हणाली. मग, "अब्बू गए."

मागं घागर भरून वाहत होती. नळाच्या खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाच्या घरात पाणी मोरीतून वाहून गेलं, आणि मी फोन कानाला धरून नुसता बघत राहिलो. शेवटी शांतानं येऊन तोटी बंद केली.

जुन्या वस्तीत बशीर पिंजारी म्हणून लोक ज्याला ओळखायचे, तो माझा मित्र. गाद्या भरायचा. त्यानं भरलेल्या गादीवर ज्यांचे संसार झाले, त्यांतल्या पुष्कळांना माहीत नसेल की हा माणूस गिटार वाजवायचा, आणि वाजवण्यापेक्षाही ती लावायचा. नुसतं सुरात आणणं म्हणजे लावणं नव्हं. मान सरळ करणं, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासणं, तारांची उंची बसवणं, हे सगळं त्यात आलं. त्याच्यावर कुणीतरी लिहायला पाहिजे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहून देते. मी म्हणालो, न्हाई. ह्यात एक वाक्य असं हाय की ते मला बशीर जिवंत असेपर्यंत तोंडातून काढता आलं नाही. ते नातीच्या हातानं लिहून घेणं म्हणजे पुन्हा पळवाटच. तेव्हा अक्षर चुकलं तर चुकलं, हात माझा राहील.

बशीर मूळचा औशाचा. बाप त्याला लहानपणीच लातूरला घेऊन आला. मी बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतला. आमची ओळख झाली ती रस्त्यावर. तो एका घरासमोर लिंबाच्या झाडाखाली बसून कापूस पिंजत होता. पिंजण म्हणजे मोठ्या धनुष्यासारखं असतं, त्याला आतड्याची तात ताणलेली, तिच्यावर लाकडी ठोकळ्यानं मारत राहायचं. मी आपला गाणं म्हणत चाललो होतो. माझा आवाज त्या वेळी लई वरचा होता. आमच्या विहारात माझ्याइतकं वर कुणी जात नव्हतं आणि ते मला चांगलं माहीत होतं. बशीरनं मान वर केली नाही. नुसती तात वाजवली, टंग, आणि म्हणाला, "तू ह्याच्या जरा वर हायस."

"कशाच्या?"

"तातीच्या." त्यानं तात पिळून ताणली, परत मारली. "हां. आता आली तुझ्याबरोबर."

मला राग आला. मी म्हणालो, "पिंजाऱ्या, गादी भर की मुकाट्यानं."

"गादीच भरून राहिलोय. तू गा की. कापूस बी चांगला फुलून राहिला तुझ्या आवाजानं."

त्या दिवसापासून आम्ही एकत्र. आमची गायन पार्टी होती. मी गाणारा, सोपानराव पेटीवर, एक ढोलकीवाला, आणि चौथा बशीर, जो सुरुवातीला नुसता खंजिरी वाजवायचा. त्याच्या डोक्यात गिटार शिरली होती. नांदेडला एक बँडवाला आपली गिटार विकायला काढणार हाय असं कळलं, तेव्हा आम्ही दोघं एसटीनं गेलो. गिटार बघून मी कपाळावर हात मारला. मान वाकलेली, तारा पट्टीपासून इतक्या उंच की खालून उंदीर जाईल, दाबायला गेलं की बोट कापायचं. बशीरनं मात्र एक डोळा मिटून तिच्या मानेवरून नजर टाकली, सुतार फळीवरून टाकतो तशी, आणि माझ्या कानात म्हणाला, "पाठ दुखायली बिचारीची. बाकी काही न्हाई." येताना त्यानं ती मांडीवर घेतली. तिच्यासाठी त्यानं घरून कापूस भरलेली, टाके घातलेली एक छोटी रजई शिवून आणली होती. कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट?" बशीर म्हणाला, "मांडीवरचं लेकरू हाय साहेब. अर्धं बी लागत न्हाई." गाडीभर लोक हसले. लातूर येईपर्यंत त्यानं तिला खाली ठेवलं नाही.

गिटार राहिली माझ्या घरी. बशीरच्या घरात कापूस उडायचा. चहात कापूस, भाकरीत कापूस, पोरांच्या पापण्यांवर कापूस. तिथं तिच्या पोटात अन् तारा पिळायच्या चाव्यांत तो जाऊन बसला असता. म्हणून माझ्या पत्र्याच्या खोलीत, मोरीच्या समोरच्या भिंतीला खिळा मारला आणि तिथं ती लटकली. दुपारची नमाज झाली की बशीर यायचा. आला की आधी गिटारीकडं बघायचा, मग माझ्याकडं. खाली सतरंजी टाकून, रजईची उशी करून तिची मान त्यावर ठेवायचा. चाव्यांच्या जवळ, मानेच्या तोंडाशी, आतल्या सळईचा एक नट होता. तो बारीक पान्यानं पाव वळसा फिरवायचा आणि मग तासभर काही करायचा नाही. मी म्हणायचो, "फिरव की अजून." तो म्हणायचा, "लाकूड हाय, नळ न्हाई तुझा. त्याला कळू तर दे काय झालं ते." मान सरळ झाली का हे बघायला तार दोन्ही टोकांना दाबून मधल्या फटीत पोस्टकार्ड सरकवायचा. पोस्टकार्ड अडकता कामा नये आणि डुलताही कामा नये. खालची घोडी प्लास्टिकची होती, ती त्यानं काढून टाकली आणि आईची जुनी शिंगाची फणी मोडून नवी घासली, पंधरा दिवस, रोज थोडी थोडी. वरच्या खाचांत शिसपेन्सिलीची भुकटी टाकायचा, तार अडकू नये म्हणून. पट्टीवर दोन पितळी तारांच्या मधल्या जागेला तो घर म्हणायचा. एकेका घरावर बोट ठेवून, डोळे मिटून ऐकायचा. कुठं बारीक खरखर आली की म्हणायचा, "सातव्या घरात भांडण हाय." मला काही ऐकू यायचं नाही. कान असा की डास कुठल्या सुरात गुणगुणतो ते सांगायचा. नळाची गोष्टही त्यालाच आधी कळली. एकदा पाणी यायच्या आधीची हवा सुटली आणि गिटार हुंकारली. मी दचकलो. बशीर हसत सुटला. "तुझा नळ आणि हिची दुसरी जाड तार एका सुरात हायेत, किसन्या. बघ, तू सोडतोस पाणी आणि बोलते ही."

मग जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे होतो. लातूर जिल्ह्याचं गाव झालं तशी नवी हापिसं आली, साहेब लोक आले, बायकापोरं आली, भाड्याच्या खोल्या मिळेनात. बशीरला दिवसरात्र गाद्यांचं काम. तो म्हणायचा, "समदा जिल्हा माझ्या कापसावर झोपून राहिलाय." मलाही नळाच्या खात्यात कायम केलं. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून मी गल्लीगल्लीचे वॉल उघडायचो, बंद करायचो. लोक मला वॉलमन म्हणायचे. नव्या वसाहती झाल्या, नवे पाइप पडले, नवे वॉल बसले... आणि दोन-तीन वर्षांतच पाऊस गेला. पाइप नवे, आत नुसती हवा.

त्या उन्हाळ्यात समद्या गावाचं लक्ष माझ्या चावीवर होतं. मी कुठल्या वॉलवर वाकलो हे बघायला लोक गच्चीवर उभे राहायचे. कुणी दमदाटी केली, कुणी पाया पडलं. मी कुणाला एक मिनिट जास्त दिलं नाही. माझ्या स्वतःच्या गल्लीला तर दोन मिनिटं कमीच दिली असतील, कुणी बोट दाखवू नये म्हणून. शांता चिडायची. "बाहेर हरिश्चंद्र आणि घरात रांजण कोरडा." मला त्याचाच अभिमान होता. खोटं कशाला सांगू, अजूनही हाय. आमच्या दारात टँकर यायचा, माणशी ठरलेलं पाणी मिळायचं, ते मी नव्या रांजणात ओतायचो. किती पाणी हाय हे कळावं म्हणून रांजणाच्या आत मी कोळशानं रेघ मारायचो, रोज नवी.

त्या कोरड्या हवेत गिटारीनं जीव टाकायला सुरुवात केली. वरची फळी आत बसू लागली, तारा पट्टीला टेकू लागल्या, सगळ्या घरांतून खरखर. पितळी तारांची टोकं लाकडाबाहेर आली, बोटाला लागायची. लाकूड आक्रसलं होतं. बशीरनं तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "हिला तहान लागली, किसन्या." दुसऱ्या दिवसापासून तो सदऱ्याच्या खिशात एक साबणाची डबी घेऊन येऊ लागला. प्लास्टिकची, गुलाबी, झाकणाला भोकं पाडलेली. आत ओला कापूस. ती डबी तो गिटारीच्या पोटात, तारांच्या मागं अडकवायचा, तोंडावर फडकं झाकायचा आणि निघून जायचा. रोज यायचा, कापूस भिजवलेला असायचा. चार दिवसांत खरखर कमी झाली. मला तो पोरखेळ वाटला.

मग एक दिवस मी दुपारी ड्यूटीवरून आलो. तीन दिवस झोप नव्हती. रांजणात डोकावलो तर पाणी रेघेच्या चार बोटं खाली. शांता म्हणाली, मी घेतलं न्हाई. आदल्या दिवशीही असंच झालं होतं. मी वळलो तर बशीर सतरंजीवर बसून डबीत कापूस बसवत होता. कापसातून पाणी निथळत होतं. दारात टँकरची वाट बघत पंधरा-वीस बाया घागरी घेऊन बसलेल्या. त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो. "माणसं घोटासाठी तडफडून राहिली आणि तू माझ्या रांजणातलं पाणी चोरून लाकडाला पाजतोस? पाणी सोडणाऱ्याच्या घरात चोरी?"

बशीरनं मान वर केली. माझ्याकडं त्यानं असं बघितलं जणू मी दुसऱ्याच कुठल्या तरी सुरात बोललो होतो आणि तो कुठला हे त्याला समजून घ्यायचं होतं. मग उठला. डबीतला कापूस काढला, रांजणापाशी गेला, आणि मूठ आवळून तो कापूस आत पिळला. पाच-सहा थेंब पडले असतील. ते एक एक करून ऐकू आले. "घे," म्हणाला. "तुझं पाणी तुझ्या रांजणात." पिळलेला कापूस तसाच डबीत ठेवला, झाकण लावलं, डबी कोनाड्यात ठेवली आणि बायांच्या मधून वाट काढत गेला. एका बाईनं पदर सावरून त्याला जागा दिली. तिची नजर अजून मला आठवते. तिनं त्याच्याकडं चोराकडं बघावं तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी कुणी आलं नाही. शांता दिवसभर माहेरी होती, घराला कुलूप. संध्याकाळी येऊन मी रांजणात बघितलं. पाणी रेघेच्या चार बोटं खाली.

रांजण नवा होता. मातीतून पाणी झिरपत होतं आणि त्या उन्हात बाहेर येताच वाळून जात होतं. बुडाशी हात लावला, बुड गार, ओलसर. ज्यानं जन्मभर गळके वॉल शोधले, त्याला घरातला गळका रांजण दिसला नाही. म्हणजे बशीरच्या कापसातलं पाणी त्याच्याच घरचं होतं. त्याच्याही घरी माणशी ठरलेलंच पाणी होतं. ते तो कुठून काढत होता? स्वतःच्या पिण्यातूनच, दुसरं कुठून? आणि ते पाच-सहा थेंब त्यानं माझ्या रांजणात पिळले. ते आम्ही पिलो.

शांतेला मी रांजण दाखवला. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना. चार शब्दांचं काम हाय." मी चप्पल घातली. दारापर्यंत गेलो. त्या बायांच्या तोंडासमोर बोललो होतो, आता त्यांच्याच तोंडासमोरून त्याच्या घरी जायचं... मी चप्पल काढली. उद्या जाऊ म्हणालो.

दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी घरात 'कट्' असा आवाज झाला. शांता रांजणाकडं धावली, तिला वाटलं रांजण तडकला. रांजण धड होता. गिटारीची वरची फळी घोडीपासून खालपर्यंत चिरली होती.

जयंतीचा कार्यक्रम निलंग्याला ठरला होता. त्याच्या तीन दिवस आधी बशीर आला. आपण होऊन आला, मी बोलवायला गेलो नव्हतो. गिटार खाली घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, परत खालून वर. मी समोर उभा होतो. आता बोलावं, आता बोलावं, असं चाललं होतं माझ्या आत. तो म्हणाला, "सरस हाय का?" मी सुताराकडून लाकूड जोडायचा सरस आणून दिला. त्यानं आतून लाकडाच्या पातळ चकत्या लावल्या, वर ओझं ठेवलं, दोन दिवस वाळू दिलं. मग तारा चढवल्या, पण पूर्ण ताणल्या नाहीत. प्रत्येक तारेचा सूर दोन घरं खाली. जास्त ताणलं तर घोडी उपटून आली असती. साबणाची डबी कोनाड्यातच होती. तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही.

निलंग्याच्या स्टेजवर सोपानराव म्हणाले, "बशीरभाई, एवढं खाली काय लावलंय? किसनरावांची पट्टी वरची हाय." मी बशीरकडं बघितलं. आता तो सांगणार. सगळ्यांसमोर मी बोललो होतो, सगळ्यांसमोर तो सांगणार, आणि ते बरोबरच होणार होतं. मी मान खाली घातली. बशीर म्हणाला, "सोपानराव, माझा कान उतरलाय. पिंजण बडवून बडवून वरचं ऐकू येत न्हाई आताशा. मला सांभाळून घ्या."

आणि सगळ्यांनी त्याला सांभाळून घेतलं. पेटी खाली उतरली, मी खाली गायलो. लोक म्हणाले, किसनचा आवाज बसला. मला त्याचा लई राग यायचा, आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही. बशीरला मात्र कायमचं नाव पडलं, बहिरा पिंजारी. देवणीला एकदा ढोलकीवाला माइकवरून ओरडला, "बशीरभाईऽ, टाळ्या ह्या बाजूनं चालल्यात!" मंडपभर हशा. बशीरनंही कानाला हात लावून, वाकून, "काय म्हणाला?" असं केलं आणि लोक अजून हसले. डासाचा सूर ओळखणारा माणूस. मी त्याच्या शेजारी उभा होतो. माइक माझ्या हातात होता.

पार्टी वीसेक वर्षं चालली, मग एकेक जण थकला. पत्रे जाऊन स्लॅब आला, पण भिंत तीच, खिळा तोच, कोनाडा तोच. बशीर यायचा थांबला नाही. येऊन गिटार लावायचा, पाव वळसा, पोस्टकार्ड, शिसपेन्सिल, आणि दोन घरं खाली. आम्ही सगळ्या विषयांवर बोललो. लेकीबाळी, दुखणी, निवडणुका, पाणी. त्या एका दुपारवर नाही. शांता सुरुवातीला दर ईदला म्हणायची, "आज जाताय तर सांगून या." मग म्हणायची बंद झाली.

तो शेवटचा आला तो जायच्या आठ-दहा दिवस आधी. कापसानं छाती खाल्ली होती. चार पावलं चाललं की धाप लागायची. मेहरूननं रिक्षातून आणून सोडलं. त्या दिवशीही पाण्याची पाळी होती. मी मोरीत घागरी मांडत होतो, पाठ त्याच्याकडं. तो सतरंजीवर गिटार घेऊन बसला होता. नळाची शिट्टी सुरू झाली. मागं चावी पिळल्याचा बारीक आवाज ऐकला, पण लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "किसन्या, तो रांजण हाय का रे अजून?"

माझ्या हातातली घागर तशीच राहिली. मी मागं वळलो नाही. म्हणालो, "कवाच फुटला."

"झिरपायचा तो."

मी घागर नळाखाली सरकवली.

"नवी माती पाणी पिते रे," तो धापा टाकत म्हणाला. "तिची तहान भागल्याशिवाय ती घरातल्यांना देत न्हाई. तिचा काय दोष." आणि थांबला. तो वाट बघत होता. आता कळतं की तो वाट बघत होता... मी म्हणालो, "चहा टाकायला सांगू?"

"सांग," तो म्हणाला. चहा पिला आणि गेला.

मातीला मी गेलो. तीन मुठी माती दिली. मूठ उघडताना मला त्याची मूठ दिसली, रांजणावर धरलेली. चाळिसावा झाला. घरी येऊन मी गिटार खाली घेतली. त्याच्याइतकं मला येत नाही, पण छत्तीस वर्षं बघितलंय. सतरंजी टाकली, रजईची उशी केली, एकेक तार छेडून बघितली. पाच तारा दोन घरं खाली होत्या, त्यानं नेहमी ठेवल्या तशा. दुसरी जाड तार तेवढी वर होती, पूर्ण, तिच्या पहिल्या जागी. बाकीच्या पाचांशी तिचं जमत नव्हतं. त्या गिटारीवर आता एक गाणं वाजलं नसतं. आधी वाटलं, आजारपणात हात चुकला. पण असल्या गोष्टीत बशीरचा हात चुकत नाही आणि कान तर नाहीच नाही. मग ती चावी पिळल्याचा आवाज आठवला. माझी पाठ होती तेव्हा त्यानं ती तार नळाच्या शिट्टीवर लावली होती. मी बोललो नाही तर निदान ही तरी बोलेल, असं असेल का त्याच्या मनात? का दुसरं काही? विचारायला माणूस नाही आता.

घोडीची एक कड उचलली गेलीय. खालून पोस्टकार्ड जाईल एवढी फट. ती तार उतरवली नाही तर कधीतरी फळी परत चिरेल, हे मला कळतं. मी दोनदा चावीला हात लावला आणि दोनदा काढून घेतला.

परवा परत पाळी होती. मी सकाळीच कोनाड्यातली डबी काढली. छत्तीस वर्षांत मी ती उघडली नव्हती. आत कापूस होता, पिवळा पडलेला, कडक. पिळताना झाला तसाच वाळलेला. त्यावर चार बोटांच्या वळ्या होत्या आणि एका बाजूला अंगठ्याचा खड्डा. बशीरची मूठ होती ती. मी ती तळहातावर घेऊन बसलो. शांता आली, बघितलं, माझ्या पिण्याचा पेला समोर ठेवून गेली. भिजवला तर मूठ जाणार. न भिजवला तर गिटार जाणार. मी पेल्यातलं पाणी थोडं थोडं सोडलं. कापूस आधी पाणी घेईना, वरून घरंगळून गेलं. मग घेतलं. वळ्या हळूहळू भरत आल्या, अंगठ्याचा खड्डा वर आला, आणि माझ्या तळहातावर ती मूठ उघडली.

डबी मी गिटारीच्या पोटात अडकवली, तोंडावर फडकं टाकलं, गिटार खिळ्याला लावली. ह्या वेळी मोरीकडं गेलो नाही. घागरी शांतानं मांडल्या. मी गिटारीसमोर उभा राहिलो. फुसफुस झाली, शिट्टी सुरू झाली. "बशीर," मी म्हणालो, मोठ्यानं, शांतेला आणि शेजारच्या भिंतीला ऐकू जाईल असं, "तू पाणी चोरलं नव्हतंस. रांजण झिरपत होता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

शिट्टीचा सूर लागला आणि तार बोलली. माहीत असलेली गोष्ट कुणी उशिरा येऊन सांगितली की माणूस जसा हुंकार देतो, तशी... 'हूं.'